एक जून

फॉर्म फ्रिजवर आहे, उंटाच्या चुंबकाखाली.
गुरुवारपर्यंत द्यायचा.
ज्या शाळेत शिरायलाच चाळणी लागते
तिथं आत आणखी एक चाळणी असते, बारीक जाळीची.
दीडशेतून एकतीस मुली उरल्या, त्यांत आमची शर्वाणी.
या एकतीस जणींनी गणिताची बोर्डाची परीक्षा
वर्षभर आधी द्यावी, असं शाळेचं मत.
संमती आहे. संमती नाही. पुढे दोन चौकटी.

मी मस्कतला, घुब्र्याच्या प्लांटवर
समुद्रातून मीठ वेगळं काढतो.
दाब वाढवला की पाणी लवकर येतं, खरंय,
पण पडदेही लवकर बाद होतात.
(हे पालकसभेत बोलणार होतो. बोललो नाही.
बाकीचे बाप फार भराभर इंग्रजी बोलत होते.)

माझी संमती कुणी विचारली नव्हती.
आमच्या पाटगावच्या शाळेत खानविलकर गुरुजींनी
माझा उजवा हात डोक्यावरून नेला,
डाव्या कानाला बोटं टेकतात का पाहिलं.
टेकत नव्हती. मी मान वाकडी केली.
गुरुजी हसले. म्हणाले, हुशार आहे, घ्या,
आणि दाखल्यावर लिहिलं : एक जून.
वर्षही एक मागचं.

तेव्हापासून मी वर्गात सगळ्यांत बुटका,
पाढ्यांत पहिला, कबड्डीत राखीव.
पोरांना मिसरूड फुटलं
तेव्हा मी त्यांची प्रमेयं सोडवून देत होतो
आणि त्या बदल्यात कुणी मला मारत नव्हतं.
पासपोर्टवर, इथल्या बताक्यावर, तोच एक जून.
ऑफिसातला सुलेमान दरवर्षी केक आणतो,
मी कुणा परक्याच्या मेणबत्त्या फुंकतो.
आता साठी जवळ आलीय. नियम कार्ड बघतो, माणूस नाही.
पहिलीत वाचवलेलं ते वर्ष
शेवटच्या पगारातून वळतं होणार.

जुलैत बिदियाला गेलो होतो, हमूदच्या बागेत.
मबसली खजूर पिवळाधमक असतानाच उतरवत होते,
भल्यामोठ्या कढयांत उकळत होते.
म्हटलं, अरे, पिकू तरी द्या.
हमूद म्हणाला, हाच तर तुमच्या देशात जातो.
उन्हात वाळलेला एक उचलून दात लावला :
खारीक!
आई बाळंतिणीसाठी अडकित्त्यानं फोडायची ती,
वर्ष वर्ष टिकणारी.
म्हणजे लवकर उतरवलेलं सगळंच वाया जात नाही.
पण त्याला विचारतं का कुणी, तुला मऊ व्हायचं होतं का?
हे सगळं मी गाडीत बायकोला ऐकवलं.
ती म्हणाली, पोरगी म्हणजे खजूर नव्हे.
तिलाच विचारा.

विचारलं.
फरशीवर पालथी पडून ती
फोनवर बस्माला कसलीशी आकृती समजावत होती.
बस्मा देणार आहे परीक्षा,
म्हणते, एक भूत लवकर उतरलेलं बरं.
शर्वाणीनं मान वर केली नाही.
"आधी दिली की गणित संपतं ना, बाबा?
मग वर्षभर मी काय करू?"

फॉर्मात याला जागा नाही.
मागची बाजूही पाहिली. तिथं फीचा तक्ता आहे.

पहाटे पाळीवरून आलो,
बूट न काढता पेन शोधलं.
नाव. इयत्ता. मग जन्मतारीख.
रुवीचं हॉस्पिटल, रात्रीचे दोन चाळीस,
मल्याळी नर्स हसत बाहेर आली होती
आणि खाली माझ्या गाडीला दंडाची पावती लागली होती.
सावकाश लिहिली, एकेक आकडा.
आमच्या घरात निदान ही एक तारीख खरी आहे.

चौकटी तशाच ठेवल्या. संध्याकाळी तिच्या हातात पेन देऊ.
सव्वासहाला बस येते.
सहाला उठवायचं होतं,
दहा मिनिटं आणखी झोपू दिलं.