सातवं पाणी

तू राहायला आलास
त्याला आज सातवं पाणी.
आमच्या जुळे सोलापुरात दिवस असेच मोजतात,
पाच दिवसांनी एक पाणी,
महिन्याला सहा,
त्यातलं एखादं पाइप फुटण्यात जातं.

आलास तेव्हा स्कूटरवर आडवा कॅरम बोर्ड,
पायांपाशी दोन चादरी, तुमच्याच मागावरच्या,
आणि मागं दोरीनं आवळलेलं
एक निळं पिंप.
तुला फुलं सुचली नाहीत, बरं झालं.

हत्तरकीबाईंनी भाडेकरूंच्या वहीत
माझ्या नावाखाली लिहिलं, अंबादास बिटला.
'नातं' या रकान्यापाशी पेन थांबलं.
चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
मी म्हणाले, तुम्हाला बरं वाटेल ते लिहा.
त्यांनी लिहिलं: पाहुणे.

पाहुणा फार मोठ्यानं बोलतो.
सोळा मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस,
मीठ मागितलं तर खालच्या मजल्यावरून मीठ येईल.
मी नऊ वर्षं एकटी,
माझ्या घरात सगळ्यात मोठा आवाज कुकरचा.
दुसऱ्या पाण्यापर्यंत कपाळ दुखत होतं.
मग एका रात्री वीज गेली,
तू बॅटरी हनुवटीखाली धरलीस, भुतासारखी,
आणि आवाज न काढता काहीतरी म्हणालास.
कारखान्यात ऐकू कुठं येतं, आम्ही ओठ वाचतो,
माझी आई या टोकाहून त्या टोकाला
अण्णांना शिव्या द्यायची अशी.
त्या रात्री मी तीन शब्द शिकले.
त्यातला एक भाकरी होता.

शनिवारी सगळे येतात.
शकीला शेंगाचटणी आणते आणि तीच संपवते,
रेवणसिद्ध मास्तर स्ट्रायकरला फुंकर घालतात, मग हरतात,
बोरिक पावडर फरशीभर,
माझ्या पायाचे ठसे स्वयंपाकघरापर्यंत.
"काय बे, राणी सोडलीस तिच्यासाठी?"
तू मान खाली घालून पुन्हा नेम धरतोस.
छाया मला मोरीपाशी गाठून विचारते,
भांडता का रे तुम्ही?
टॉवेलवरून, मी म्हणाले.
टॉवेल त्याच्याकडं बावीस आहेत.

आणि रविवारी हिप्परग्याचा तलाव.
हा माझा नाद, तुझ्या आधीचा,
चौघांत एक दुर्बीण, एक वही, थर्मासभर चहा.
तुला पक्ष्यांचं काही नाही,
सगळी बदकंच दिसतात, म्हणतोस,
तरी पहाटे पाचला स्वेटर घालून उभा.
नियम एकच: बोलायचं नाही.
तू बांधावर स्कूटरपाशी बसलास,
आम्ही खाली चिखलाच्या काठाला.

शेकाटे मोजत होते, सतरावर होते,
मास्तरांनी कोपर मारलं.
वर बघितलं तर तू उभा,
एका हातात फोन,
आणि तोंड हलतंय, मोठ्ठं, बिनआवाज.
मी वाचलं: निळा.
निळा?
दुर्बीण फिरवली, तारेवर, बाभळीवर.
नीलपंख असेल, शकीला कुजबुजली.
खंड्या असेल.
तू डोकं हलवतोस, नाही, नाही,
परत तेच, निळा, निळा काहीतरी,
आम्ही चौघं आभाळाकडं तोंडं करून
वेड्यासारखे निळ्यात निळं शोधतोय.

शेवटी तुला राहवलं नाही.
"नीळ्ळोच्चिनै!"
अख्खा तलाव उठला.
शेकाटे, हळदीकुंकू बदकं, पलीकडची न मोजलेली सगळी,
पंखांचा एवढा आवाज
की तुझंही पुढचं ऐकू आलं नाही.
मी तुझे ओठ मराठीत शिकले होते,
घाईत तू आईच्या भाषेत गेलास.
हत्तरकीबाईंचा फोन होता:
पाणी आज, एक दिवस आधी, पाऊण तास फक्त.

दोन गाड्यांवर पाच माणसं,
थर्मास तिथंच राहिला.
जिन्यात हत्तरकीबाई पदर खोचून उभ्या,
हातात आमचीच नळी, पिंपात सोडलेली,
निम्मं भरलं होतं.
तुझ्याकडं बघून म्हणाल्या,
घरच्या माणसानं असं रविवारचं फिरायला जाऊ नये.

वहीत त्या दिवशी
शेकाट्या सतरा, पुढं प्रश्नचिन्ह.
खाली तू काहीतरी लिहिलंयस तेलुगूत.
मी अजून विचारलं नाही.