ओलावा वजा जाता

मानवतच्या जिनिंगमागं, नव्या भट्टीच्या फाटकाशी
मी काट्यावर बसते.
भरली ट्रॉली, रिकामी ट्रॉली, वजाबाकी.
मग ओलावा. पंधरा टक्क्यांच्या वर
दर टक्क्याला टनामागं बावीस रुपये खाली.
रामपुरीचे, केकरजवळ्याचे ट्रॅक्टरवाले भांडतात,
मी मीटर पुन्हा खुपसून दाखवते.

फेब्रुवारीत पऱ्हाटी येते,
फुटकी बोंडं अंगावर तशीच घेऊन.
कवडीत अडकलेला कापूस उडून
माझ्या पावतीपुस्तकात येऊन बसतो.
बोंडात गुलाबी अळी झोपलेली असते.
तिचंही वजन होतं, तिचेही पैसे देतो आम्ही.

मेमध्ये पारा चव्वेचाळीस.
तेव्हा मुश्ताकभाई भट्टीचं दार उघडतात
आणि आम्ही आगीपासून गारवा करतो.
मलाही खोटं वाटलं होतं.
इंजिनियर गोसावींनी बशीत चहा ओतून समजावलं:
हवा काढून घेतलेल्या टाकीत पाणी सहा अंशांवरच उकळतं,
मीठ ती वाफ पितं, पिऊन सुस्तावतं,
पऱ्हाटीची आग त्याला पुन्हा कोरडं करते,
पुन्हा तहानलेलं.
म्हणजे गारवा ही मिठाची तहान.
"रोजाच की मग," मुश्ताकभाई म्हणाले,
"ईद नसलेला."

जमिनीखालून दोन पाइप निघतात,
एक गार जायचा, एक कोमट यायचा.
बाळंतिणींचा वॉर्ड, लसींची खोली,
मोसंबीचं गोदाम, बँक.
दवाखान्याचं लाइटबिल निम्म्यावर आलं.
डिझेलचा जनरेटर चिंचेखाली गंजतोय,
त्याच्या नळीत चिमणीनं घर केलंय.
बँक सगळ्यात गार असते.
भट्टीच्या कर्जाचा हप्ता आम्ही तिथंच भरतो,
रांगेत उभं राहून, आमचाच गारवा खात.

बांधावरच्या आगी थांबल्या, हे खरं.
मार्चात डोळे चुरचुरत नाहीत आता.
राख पोत्यांत भरून परत रानात जाते,
पण राख म्हणजे काही कुजलेलं पान नव्हे.
गोसावी सांगतात, तिसरा हिस्सा रानातच राहू द्या.
लोक माना डोलावतात.
टनाला बावीसशे.

एप्रिलात गयाबाई डोईवर भारा घेऊन आली.
ट्रॉल्यांमागं रस्त्यावर सांडलेलं वेचून बांधलेला.
काटा ट्रॉलीचा, दहा-दहा किलोंनी उडी मारणारा.
म्हटलं, भाऱ्यासकट उभी राहा. ऐंशी.
आता भारा खाली ठेव. पन्नास.
तापल्या पत्र्यावर पाय उचलत ती म्हणाली,
"माजं कामून लिवता, माय?
मला कुठं भाव हाय."
तीस किलो, सहासष्ट रुपये.
तिनं सही केली, सावकाश, आडनावासकट.

पूर्वी हीच पऱ्हाटी कुणीही न्यायचं.
चुलीला, कुडाला, मांडवाला.
मालक म्हणायचे, न्या बया, रान मोकळं होतंय.
आता मालक राखण ठेवतात.
मी विचारलं, मग चुलीत काय?
"सिलिंडर हाय की," ती म्हणाली.
थोड्या वेळानं म्हणाली, "रिकामं."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिची सून बाळंत झाली.
डबा द्यायला गेले, तर गयाबाई वॉर्डाबाहेर
भर उन्हात पायरीवर बसलेली,
पदर अंगाभोवती घट्ट.
"आत हुडहुडी भरती ओ.
लेकरू मातर गपगार निजलंय.
हे आपल्याच पऱ्हाटीचं काय?"
हो म्हटलं.
"माज्या भाऱ्याचं किती आसंल?"
गोसावींना विचारून सांगते म्हटलं,
काट्यानं गिळलेले चार-पाच किलो धरून.

अजून विचारलेलं नाही.
रोज संध्याकाळी पावत्या जुळवताना आठवतं,
आणि तेवढ्यात ट्रॉली येते.