साभार

शारजाच्या पुस्तक मेळ्यात
मराठीचा एकच गाळा, अगदी शेवटचा.
तिथं तोफज्जल उभा दिसला
चकचकीत लॅमिनेशनखाली,
खांद्यावर सुंभाचं वेटोळं,
मागं खाडी, गलबताची अर्धी कड.

चित्र माझं.
दोन वर्षांमागं, जुम्म्याच्या दुपारी,
वरच्या बंकवर, गुडघ्यांवर प्लायचा तुकडा घेऊन काढलेलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकायचं,
तेच ब्रशला.

पान उलटलं.
लेखक, प्रकाशक, अक्षरजुळणी, मुद्रक,
मुद्रकाच्या गाळ्याचा नंबरसुद्धा.
मुखपृष्ठ : इंटरनेटवरून साभार.

कोण हा इंटरनेट नावाचा गृहस्थ,
कुठल्या गल्लीत राहतो,
मानधनाचा चेक पोचला का त्याला?

कोपऱ्यात मी 'तांडेल' लिहिलं होतं, मुंगीएवढं.
त्यावर आता बारकोड.
नखानं खरवडून बघितलं.
काका, घ्यायचं असेल तरच हाताळा, पोरगा म्हणाला,
आणि मग स्वतःहूनच :
कव्हरवरच खपतंय हो हे.

मी नावंच करतो दिवसभर.
पंक्चरवाल्याचं, न्हाव्याचं, खजूरवाल्याचं,
ॲक्रिलिकमध्ये, आत एलईडी,
उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी.
एक नुक्ता राहिला तर मालक पगारातून कापतो.
नुक्त्याचा भाव मला ठाऊक आहे.

पस्तीस दिरहम मोजले.
बिलासाठी नाव विचारलं त्यानं,
दोनदा सांगावं लागलं.

रात्री खोलीवर तोफज्जलनं पुस्तक घेतलं.
मराठी त्याला येत नाही.
तरी बराच वेळ बघत राहिला,
मग डावा पंजा चित्राशेजारी धरला,
गलबताच्या कामात करवतीनं नेलेल्या बोटाची जागा
आमच्यासमोर मोकळी.
चित्रात ती उजव्या हाताला होती.
भाई, ये तो उल्टा है.

मेल्यांनी चित्र आरशासारखं फिरवलं होतं,
शीर्षकाला जागा हवी म्हणून.

हसलो दोघंही. चहा उतू गेला.

मग प्रकाशकाला लिहायला बसलो.
'चित्र माझं आहे' असं लिहिलं, खोडलं.
'न विचारता' लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी एवढंच राहिलं :

महोदय,
आपल्या मुखपृष्ठावरील माणसाचं
डाव्या हाताचं बोट गेलेलं आहे, उजव्या नव्हे.
त्याचं नाव तोफज्जल.
पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी.
मूळ चित्र माझ्याकडं आहे.
दर वेगळा कळवतो.