टाकं

चंपतनं चावी फिरवली तसं
मागल्या वर्षीचं पाणी पाटानं निघालं संत्र्याच्या झाडांकडे,
हिरवं, आळसावलेलं.

तळाशी घोटाभर गाळ.
त्यात एक रबरी चप्पल,
पोहायचा निळा चष्मा
(ज्याच्यासाठी निहाल पार अमरावतीपर्यंत रडत गेला होता)
आणि एक बेडूक, घरमालकासारखा बसलेला.
"याले काय नोटीस द्याची का?" म्हणत
चंपतनं त्याला बादलीत घालून सावलीला ठेवलं.

तुराटीच्या खराट्यानं घासलं तेव्हा
भिंतीवरचं शेवाळ
गेल्या निवडणुकीच्या पोस्टरासारखं सोलून निघालं.
भेगेत सिमेंट भरलं, अंगठ्यानं दाबून.
भाकरीलाही ब्लीचिंगचा वास.

मग देवका आली, लाल रंगाची डबी घेऊन.
आत तिची एक रेघ आहे:
याच्यावर पाणी नाही.
धाकट्याच्या छातीइतकी.
सकाळीच फोनवर तिनं त्याला
दाराला पाठ लावून उभं केलं होतं.
चार बोटं वाढला.
तिनं रेघ चार बोटं वर नेली,
फुंकर घालून वाळवली.

बोअरची मोटर यंदा
दोन पाइप खाली सोडावी लागली.
मी काही बोललो नाही.

लाइन रात्री बारा चाळीसला आली.
मोटर खोकली,
मातकट चूळ थुंकली,
मग पाणी.
कठड्यावर बसून आम्ही नुसते ऐकत राहिलो.
पहाटे लाइन गेली तेव्हा
गुडघ्याच्याही खालीच होतं.
"पोट्टे पंधराले येतीन,"
देवका बोटांवर रात्री मोजत म्हणाली.

चंपतनं बादली कलती केली.
बेडूक काठावर थांबला जरा.
खोली बघत असावा.