पाच ग्रॅम

एकोणतीस वर्षं या काउंटरमागे बसून
मी लोकांना नियम सांगितले.
दोरी चालणार नाही. लाख चालणार नाही.
पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला.
गिबी इंकस्टरने न्यूझीलंडच्या लेकीसाठी विणलेला स्वेटर
तीनदा परत नेला. चौथ्यांदा म्हणाला,
"ओस्ला, स्वर्गाच्या दारात तुला बसवलं
तर आत कुणीच पोचायचं नाही."
म्हटलं, पोचेल की, तिकीट पुरेसं लावलं तर.

तेव्हा लंडनच्या साहेबांनो, इंचभर समासाचं
मला काय सांगता!
दोन ओळींत अंतर सोडा म्हणालात, सोडलं.
आमच्या शेटलंडात घरंही तशीच आहेत,
मधून वारा जाईल अशी.
स्टेपल नको, फीत नको, मांजराचा फोटो नको.
मांजर माझ्याकडे नाहीच.
'महोदय' नको, नाव लिहा.
लिहिलं, स्पेलिंग चारदा तपासून.

गोष्टीचा सारांश एका पानात, शेवटासकट.
इथे मात्र दोन रात्री अडले.
जन्मभर बंद पाकिटं हाताळली,
कधी उजेडाला धरून पाहिलं नाही एकही.
आणि आता आतलं बाहेर लिहायचं, तेही स्वतःचं.
लिहिलं.
'शेवटी कळतं, धक्क्यावरचा दिवा बहिणीनेच विझवला होता.'
लिहिल्यावर हात धुतले, का कोण जाणे.

पहिली पन्नास पानं. फक्त.
पन्नासावं पान संपलं ते असं:
'आईने दार उघडलं आणि'
समास जरासा चोरला असता
तर उरलेल्या दोन ओळी मावल्या असत्या.
कुणाला कळलं असतं?
गिबीला कळलं असतं, असं वाटलं.
आईला तशीच उंबऱ्यात उभी ठेवली.

परतीचं पाकीटही जोडा, तिकीट लावून.
त्यात तेच कागद घालून आधी तोलून पाहिलं:
दोनशे सदुसष्ट ग्रॅम.
पावपैचाही घोळ नको.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी,
येलहून येणारी फेरी उशिरा लागली.
पोतं ओतलं, टपाल लावायला घेतलं,
विजेची बिलं, बियाण्यांचा कॅटलॉग,
आणि माझंच अक्षर,
माझ्याच नावाकडे परत येताना.
उघडायची गरज नव्हती.
जाड पाकीट म्हणजे काय, ते मला कळतं.
सवयीने काट्यावर ठेवलं.
दोनशे चौसष्ट.

दाराला कडी लावून उघडलं.
व्हिजिटिंग कार्डाएवढी चिठ्ठी, दोन ग्रॅम:
'आपले लेखन आमच्या यादीत बसत नाही.'
बसत नाही. पत्रपेटीच्या फटीपाशी
मीही किती जणांना म्हटलंय, किती सहज.
पण मग पाच ग्रॅम गेले कुठे?

पानं मोजली. पुन्हा मोजली.
सदतिसावं नव्हतं.

सदतिसाव्या पानावर काहीच घडत नाही.
आई हेरिंगच्या खवल्यांनी भरलेले हात धुते
आणि खिडकीतून समुद्राकडे बघत नाही.
मुद्दाम बघत नाही, एवढंच.

कुणाचा चहा सांडला असेल त्यावर.
टेबलाखाली सरकलं असेल, झाडूवालीने उचललं असेल.
किंवा कुणी घडी करून खिशात,
पण हे मी पूर्ण म्हणत नाही.
नियमावलीत याबद्दल काही नाही, पाहिलं मी.
हरवलेल्या टपालाचा तक्रारअर्ज माझ्याच खणात असतो.
'वस्तूची किंमत' या रकान्यापर्यंत भरला,
आणि परत ठेवला.

काल गिबी आला, स्वेटर घेऊन.
गाठ दोरीचीच होती.
मी स्वतः ब्राउन टेपने बांधून दिला.
त्याने काही विचारलं नाही,
फक्त माझ्या हातांकडे बघत राहिला.

सदतिसावं पान पुन्हा छापलेलं नाही.
एडिंबरच्या प्रकाशकाला
पहिली तीसच पानं हवी आहेत.
तिसाव्या पानाच्या तळाशी
वाक्य नीट पूर्ण होतं.
जरा वाईटच वाटलं.