बरडावरचा दगड

बरडावर रस्ता नाही. शेळ्यांनी पाडलेली एक वाट,
तीही हिवराच्या काट्यांपाशी येऊन आपलं काम विसरते.
तहसिलीच्या तक्त्यात रकाना आहे : पोहोचमार्ग.
मी लिहिलं : आहे.

दगड कमरेएवढा. उगवतीकडे कललेला,
एका कानानं बहिरा माणूस दुसरा कान पुढे करतो तसा.
माथ्यावर मुकुट कोरलेला असावा,
तिथे आता दगडफूल पसरलंय, राखेच्या रंगाचं.
खाली अर्धीमुर्धी अक्षरं :
…या गावातून महायुद्धात गेलेली माणसे…
…पैकी परत न आलेली…
आकडा बोटानं चाचपला.
नऊ असेल. एक असेल.
एक वळण झिजलं की नवाचा एक व्हायला
कितीसा वेळ लागतो.

"पाण्यापावसानं नाही बाप्पा,
इळ्यानं झिजला थो,"
मागून धुरपताबाई म्हणाल्या.
"गवत कापाले आलो का इथंच धार लावतो.
माही सासू लावे, तिची सासू लावे.
असा दगड दहा गावात नाही."

कडेला खोबण होती खरी,
माझा अंगठा नेमका बसला तिच्यात.

"आणि नावं?"
"एकच ठावं हाये मले. उकंडा."

पाच लेकरं गेली होती मायची.
सहावं झालं तेव्हा उकिरड्यावर लोळवलं,
नावही तेच ठेवलं,
मरण आलंच दारात
तर नाक दाबून पुढच्या घरी जावं म्हणून.
बावीस वर्षं मरण फसलं.
मग पलटणीच्या कारकुनानं त्याला नंबर दिला,
आणि बसऱ्याकडे कुठंतरी
मरणानं नाव विचारलंच नाही.

"बापाचं नाव? आडनाव?"
"थे नाही ठावं. माय सागरा."

रकान्यात मायसाठी जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.

"सरका जरासं," त्या म्हणाल्या.
बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं
आणि इळा धरला.
खर्र, खर्र.
खालच्या दरडीतून एक लावा भुर्रकन उडाला.
पाण्यात राखाडी पीठ मिसळून
अक्षरांवरून ओघळत गेलं,
क्षणभर सगळी ओळ वाचता आली असती,
पण मी तक्त्यात बघत होतो.

स्मारकाची सद्यःस्थिती :
वापरात आहे.

वरून खोडतील.

वर पाहिलं तेव्हा पाणी आटत होतं,
आणि कानफाटी शेळी
नवाला की एकाला
निवांत चाटत उभी होती.