रुसुमोचा पूल

पूर्वी कागेराच्या दोन काठांवर दोन कचेऱ्या होत्या.
ट्रकवाले दोनदा रांगेत उभे राहायचे,
दोनदा शिव्या घालायचे.
मग करार झाला. आता एकच टेबल:
अर्ध्यावर मी, टांझानियाचा म्वाकालिंगा,
अर्ध्यावर रवांडाची उविम्बाबाझी.

भिंतीवर घड्याळं दोन. तिचं तासभर मागे.
मी जेवून ढेकर देतो
तेव्हा तिच्या देशात जेमतेम अकरा.
पुलावर गाड्या डावी बाजू सोडून उजवी धरतात,
नवा ड्रायव्हर हमखास गोंधळतो.

संशयित माल दोघांनी मिळून उघडायचा,
असं कलम आहे.
शाईचं पॅड कोणी आणायचं, याला कलम नाही;
आळीपाळीने आणतो.

पहिल्याच दिवशी तिने
खिडकीकडे पाठ करणारी खुर्ची मागितली.
करारात नव्हतं. मी दिली.

चौऱ्याण्णव साली मी नदीच्या खालच्या अंगाला
सहावीत होतो.
आईने महिनाभर पाणी भरू दिलं नाही,
मासे तर वर्षभर घरात आले नाहीत.
तिचे वडील तेव्हा पुलावरून आले की पुलाखालून,
मी कधी विचारलेलं नाही.

दुपारी ट्रक कमी होतात,
धबधबा ऐकू यायला लागतो.
मग मी शिक्के
जरा जोरात मारतो.